एक सिलिंडर जास्त

तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ऑक्सिजनच्या कंपनीत तिला सगळे भागूबाईच म्हणायचे. भित्री भागूबाई. आधी कोणीतरी पाठीमागे म्हणालं असेल, मग तोंडावर म्हणायला लागले, आणि पुढे पुढे ती स्वतःच फोन उचलून "हां, भागूबाई बोलतेय" असं सांगू लागली. नाव काही खोटं नव्हतं. ती कुत्र्यांना घाबरायची, इंजेक्शनला घाबरायची, जोरात बोलणाऱ्या माणसांना घाबरायची. लिफ्टला तर इतकी, की नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा असूनही घर घेताना तिने तळमजल्याचाच हट्ट धरला. सकाळी कुलूप लावून फाटकापर्यंत गेली की ती परत यायची आणि कुलूप ओढून बघायची. ओढून बघितलं की नाही ते आठवेना म्हणून कधी कधी पुन्हा यायची.

अशी बाई इतकी वर्षं त्या कामात टिकली कशी, याचंच लोकांना नवल वाटायचं. काम होतं फोनचं. ज्यांची फुप्फुसं थकली आहेत अशा माणसांच्या घरी कंपनी ऑक्सिजनचे सिलिंडर पोचवायची. घरून फोन यायचा, संपत आलाय म्हणून. भागूबाई ऐकून घ्यायची, उठायची आणि समोरच्या भिंतीवरचा त्या घराचा बिल्ला उलटा करायची. भिंतभर खुंट्या होत्या आणि प्रत्येक खुंटीला एकेका घराचा पत्र्याचा बिल्ला, एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने पांढरा. लाल दिसला म्हणजे सिलिंडर जायचा आहे. गाडीवाला सिलिंडर देऊन परत आला की स्वतःच्या हाताने बिल्ला पांढरा करायचा. संध्याकाळी भिंतीवर लाल काही उरलं नसलं की भागूबाई पर्स उचलायची. उरलं असलं तर पर्स पुन्हा खुर्चीवर ठेवायची आणि गाडीवाल्याची वाट बघत बसायची.

माणूस जेवणावाचून काही दिवस काढतो, पाण्यावाचूनही थोडा वेळ काढतो. हवेवाचून किती काढतो, याचा विचार ती करायची नाही. शिवाय त्या भिंतीवर एक बिल्ला तिच्या स्वतःच्या घराचा होता. सासऱ्यांना ऑक्सिजन लागायचा.

एके दिवशी मॅडमनी सगळ्यांना वरच्या खोलीत बोलावलं. मॅडम म्हणजे कंपनीच्या प्रमुख, कमी बोलणाऱ्या आणि भरभर चालणाऱ्या. त्यांच्याबरोबर एक चष्म्यातली मुलगी होती, जिला पुढे सगळे कॉम्प्युटरवाली म्हणू लागले. तिने पडद्यावर दाखवलं की आता भिंत लागणार नाही. कुठल्या घरी सिलिंडर किती पुरतो ते कॉम्प्युटर लक्षात ठेवणार, संपायच्या आधीच त्या घराचं नाव गाडीवाल्याच्या मोबाइलवर पाठवणार, गाडीवाला दारात सिलिंडरवरच्या खुणेवर मोबाइल धरणार, की ऑफिसात त्या घराचा ठिपका हिरवा होणार. लोकांना फोन करत बसायला नको. खरं तर जुन्या पद्धतीतही सुखाचा कारभार नव्हताच. सकाळी सगळ्यांचे फोन एकदम यायचे, आणि ज्यांचा लागायचा नाही ते बिचारे श्वास सांभाळत पुन्हा पुन्हा लावत बसायचे.

"पण एकदम सगळीकडे नाही करायचं," मॅडम म्हणाल्या. "आधी एका विभागात करून बघायचं, पायलट."

त्यावर गाडीवाल्यांपैकी एकाने, ज्याला अखंड बडबडीमुळे रेडिओ म्हणत, सिलिंडर आता विमानाने जाणार का असं विचारलं. खोली हसली. भागूबाईही हसली. तिचं हसू तोंडावर असतानाच मॅडमनी सांगितलं की विभाग निवडायचा आणि पायलटवर लक्ष ठेवायचं काम भागूबाई करतील.

बैठक संपल्यावर ती मॅडमच्या खोलीत नाही म्हणायला गेली आणि दाराशी नुसतीच उभी राहिली.

"तुम्ही घाबरता म्हणून नको म्हणताय ना?" मॅडमनी विचारलं. "म्हणूनच दिलंय. धीट माणसं मला सगळं ठीक आहे एवढंच सांगतात."

ती खाली आली आणि शहराचा नकाशा समोर घेऊन बसली. विभाग निवडणं म्हणजे काय, एका जागी बोट ठेवायचं. पण बोट कुठेही ठेवलं की त्याखाली माणसं दिसायची. नदीकडच्या विभागात एक लहान मुलगी होती, जिच्या आईचा आवाज फोनवर नेहमी चिरका यायचा. स्टेशनामागे एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांची घरं. टेकडीवर रस्ते असे की गाडी अर्ध्यात थांबायची. तिने बोट उचललं, पुन्हा ठेवलं, पुन्हा उचललं, आणि नकाशा गुंडाळून घरी गेली.

जेवताना तिने घरात सांगितलं. नवऱ्याला पायलट म्हणजे काय ते समजावून सांगायची गरजच नव्हती.

"आम्ही तेच करतो की," तो म्हणाला. "नवीन लिफ्ट बसवली की पहिल्यांदा वाळूच्या गोण्या भरून वर-खाली करतो. दोर तुटला तर गोण्या फुटतील. माणूस नंतर."

"आमच्याकडे वाळूच्या गोण्या कुठून आणायच्या?"

नवऱ्याचा घास हातातच राहिला. खिडकीजवळच्या पलंगावर सासरे टेकून बसले होते. त्यांच्या नळीला जोडलेल्या बाटलीतलं पाणी बुडबुडत होतं. मग कोणीतरी आमटी वाढायला सांगितली आणि विषय तिथेच राहिला.

सकाळपर्यंत तिचं ठरलं होतं. दुसऱ्याच्या दारात आग लावून बघण्यापेक्षा आपल्याच. तिने स्वतःचा विभाग निवडला. चहा देताना सासऱ्यांना सांगायचं म्हणून ती पलंगाशी बसली आणि कप खाली ठेवून बोलायला लागली.

सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. दोन शब्दांमध्ये श्वास घेत ते म्हणाले, "म्हणजे गोणी मी."

"बाबा, तुम्हाला नको असेल तर मी आत्ताच्या आत्ता..."

"अगं, गोणीएवढं वजन तरी उरलंय का माझ्यात?" ते हसले, आणि हसण्याने त्यांना खोकला आला. तो थांबल्यावर त्यांनी विचारलं, "मी तुझा घरचा. गल्लीतल्या बाकीच्यांना विचारलंस का, सूनबाई?"

विचारलं नव्हतं. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि आल्याबरोबर तिला नवीन धसका बसला. पण विचारायला तर हवं. म्हणून पुढचे काही दिवस ऑफिस सुटल्यावर ती घरोघर गेली. बहुतेकांनी बरं म्हटलं. आजारी माणूस आणि त्याचं घर इतकं थकलेलं असतं की फोन करायची दगदग वाचते म्हटल्यावर ते कशालाही बरं म्हणतं.

पलीकडच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर एक म्हाताऱ्या शिंपीणबाई एकट्या राहायच्या. त्यांनी सिलिंडरला चांगली लांब नळी लावून घेतली होती, म्हणजे शिलाई मशीनपर्यंत जाता यावं. अजूनही त्या कोणाच्या तरी पडद्यांना काठ लावून द्यायच्या. भागूबाईचं बोलणं त्यांनी मशीन थांबवून ऐकलं.

"आणि तुझ्या त्या यंत्राला कळलं नाही तर?"

नेमकी हीच गोष्ट भागूबाईच्या घशात काट्यासारखी अडकली होती. तेव्हाच ती बोलून टाकायला हवी होती. पण बाई नाही म्हणाल्या तर काय, त्यांचं ऐकून बाकीचेही नाही म्हणाले तर काय, मॅडमना काय तोंड दाखवायचं, असं सगळं एकदम मनात आलं, आणि तिच्या तोंडून भलतंच निघालं. "कळतं, काकू. तुम्हाला आता फोनसुद्धा करायला नको."

शिंपीणबाईंनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि बरं म्हटलं.

पायलट सुरू झाला. पहिल्या टप्प्यात जुनं आणि नवं दोन्ही चालणार होतं. ठिपकाही आणि बिल्लाही. पहिल्या दिवशी भागूबाई पडद्याकडे बघायची, मग भिंतीकडे, मग पुन्हा पडद्याकडे. किरकोळ घोळ झाले. एका गाडीवाल्याला हातमोजे काढल्याशिवाय मोबाइल चालवता येईना, एकाच आडनावाच्या दोन घरांची अदलाबदल झाली, ती दारातच लक्षात आली. कॉम्प्युटरवाली रोज यायची, भागूबाईच्या शेजारी स्टूल ओढून बसायची आणि चुका दुरुस्त करायची. मुलगी गुणी होती, कष्टाळू होती, आणि नखं खायची. भागूबाईने एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, "ताई, हे नीट नाही झालं तर आमच्या कंपनीत पुढचं काम मला देणार नाहीत."

आणि मग हळूहळू सगळं सुरळीत चालायला लागलं. सासऱ्यांचा सिलिंडर संपायच्या आधीच नवा दारात यायचा. सकाळचे फोन कमी झाले. सुरुवातीला मोबाइलच्या नावाने बोटं मोडणारा रेडिओ आता त्याचे गुण गायला लागला. कुठून वळायचं, कोणाकडे आधी जायचं, सगळं तोच सांगतो, आपलं डोकं रिकामं, मी आता गाणी म्हणत गाडी चालवतो, असं तो ज्याला त्याला ऐकवायचा. पूर्वी हाच माणूस निघताना भिंतीसमोर उभा राहून सगळे लाल बिल्ले मनातल्या मनात पाठ करायचा.

जितकं सुरळीत चाललं तितकी भागूबाईची झोप उडाली. चूक दिसते तोवर निदान ती कुठे आहे ते कळतं. आता दिसत नव्हती.

दुसऱ्या टप्प्यासाठी तिच्या विभागाचे बिल्ले भिंतीवरून उतरवले. नुसत्या खुंट्या राहिल्या. कॉम्प्युटरच्या जिवावर आता खरी परीक्षा होती. भागूबाईने एक चोरटी युक्ती काढली. ती दुपारी, कोणी बघत नाही असं पाहून, विभागातल्या घरांना फोन करायची. तब्येत विचारल्याचं निमित्त, आणि जाता जाता, सिलिंडर आला ना? कॉम्प्युटरवालीने तिला एकदा धरलं.

"ताई, असे फोन नका करू," ती म्हणाली. आवाज चढवून नाही, अगदी समजुतीने. "चूक असेल तर तुमच्या फोनमुळे ती झाकली जाईल. उद्या शहरभर सुरू झालं की प्रत्येक घरी फोन करायला तुम्ही थोड्याच असणार? तेव्हा ती चूक कोणाच्या तरी जिवावर उठेल."

बोलणं पटण्यासारखं होतं. भागूबाईने फोन बंद केले. त्या दिवसापासून दुपारची ती वेळ आली की ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची.

असेच काही दिवस गेले. एका संध्याकाळी तिने पडद्यावरचे सगळे ठिपके हिरवे बघितले, पर्स उचलली आणि घरी आली. नवरा तिच्याआधी आलेला होता, पायांवर पाणी घेत होता. सासरे पलंगावर खुशीत दिसले. कोपऱ्यात एक सोडून दोन भरलेले सिलिंडर उभे होते, दोन्हींचं सील तसंच.

"हे दोन कसे, बाबा?"

"एक काल तुमचा तो रेडिओ देऊन गेला. एक आज दुपारी दुसऱ्याने आणला." सासऱ्यांनी श्वास घेतला. "तुझ्या यंत्राची माझ्यावर भारी माया दिसते."

तिने पर्स टेबलावर ठेवली. तीही हसणार होती. हसू ओठांपर्यंत आलं आणि तिथेच गोठलं.

नवरा टॉवेलने पाय पुसत म्हणाला, "दोनदा आला असेल चुकून. जास्तच दिलाय ना, कमी तर नाही दिला."

"आज पुन्हा पाठवला म्हणजे कालचा आपल्याला मिळाल्याचं कॉम्प्युटरला माहीतच नाही," ती म्हणाली. बोलता बोलता तिचा आवाज बारीक होत गेला. "मग कालची नोंद गेली कुठे? ती कोणाच्या तरी नावावर पडली असणार. त्यांचा ठिपका हिरवा झाला असणार. आणि त्यांच्याकडे कोणी गेलंच नसणार."

नवऱ्याने टॉवेल खाली ठेवला.

मन चिंती ते वैरी न चिंती, असं तिची आई तिला लहानपणापासून बजावत आली होती, आणि भागूबाईही आपल्या प्रत्येक भीतीवर हेच पांघरूण घालायची: उगाच वाटतंय, काही नसतं. या वेळी तिने पांघरूण घातलं नाही. तिने फोन घेतला आणि विभागातल्या घरांना लावत सुटली. पहिल्या घरी आला होता. दुसऱ्याही घरी आला होता. तिसऱ्या घरातली सून जेवण करत होती, तिने आत जाऊन बघून सांगितलं, आहे. शिंपीणबाईंचा फोन वाजत राहिला. वाजून वाजून बंद पडला. तिने पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"सिलिंडर उचला," ती नवऱ्याला म्हणाली.

त्याने जास्तीचा सिलिंडर खांद्यावर घेतला, तिने खिळ्याला अडकवलेला पाना ओढून काढला, आणि दोघं निघाली. घराला कुलूप लावलं नाही, दारही नुसतं लोटलं. गल्लीत मुलं खेळत होती, दुकानांत दिवे लागत होते, एक माणूस शिडीवर चढून पाटी पुसत होता. सगळं रोजच्यासारखं होतं, आणि त्यामुळेच तिला जास्त भीती वाटत होती. आपण धावतोय आणि कोणाला काहीच माहीत नाही.

इमारतीला लिफ्ट होती. नवरा सिलिंडर घेऊन आत शिरला. तिचा पाय त्या पिंजऱ्यात पडेना, अशा वेळीही पडेना. ती जिन्याने धावत सुटली. लिफ्ट जुनी, कण्हत कण्हत चढणारी. भागूबाई तिच्याआधी वर पोचली, आणि मग तिच्या लक्षात आलं की दारासमोर आपण एकटी आहोत.

दार आतून लावलेलं नव्हतं. बोटाने ढकललं तसं उघडलं. सिलिंडर येईल म्हणून बाईंनीच कडी काढून ठेवली असणार. आत अंधारत चाललं होतं, दिवा लावलेला नव्हता. तिने हाक मारली. उत्तर आलं नाही. नवरा येऊ दे, मग जाऊ, असं मन म्हणत होतं. लिफ्टचा आवाज अजून खालच्या मजल्यावरच होता. तिने डोळे मिटले, उघडले, आणि आत गेली.

शिंपीणबाई मशीनजवळच्या खुर्चीत होत्या. नळी नाकाशी, मान मागे टेकलेली, डोळे उघडे. ओठ पाटीसारखे काळपट निळे पडले होते. छाती हलत होती, पण इतकी कमी की भागूबाईला ती हलते आहे हे कळायला खाली वाकावं लागलं. सिलिंडरच्या काट्याने तळ गाठला होता. त्यांनी सकाळपासून हवा कमी कमी करत ती पुरवत आणली होती. फोन समोरच्या टेबलावर होता, चार पावलांवर, आणि तेवढं उठण्याइतका श्वास त्यांच्याकडे नव्हता.

नवरा आला. भागूबाई पाना घेऊन बसली, पण हात असे थडथडत होते की तो नटावर बसेचना. त्याने तिच्या हातातून तो अलगद काढून घेतला, जुना सिलिंडर सोडवला, नवा जोडला. फुस्स आवाज झाला आणि बाटलीत पाणी बुडबुडायला लागलं. मग नुसती वाट बघणं उरलं. नवरा खिडकीजवळ जाऊन रुग्णवाहिकेला फोन करत होता. ती बाईंचा हात धरून जमिनीवर बसून राहिली. त्या हाताची नखंही निळी होती. ती नखांकडेच बघत राहिली, बराच वेळ, त्यांचा रंग बदलेपर्यंत.

बोलता यायला लागल्यावर शिंपीणबाईंनी डोळे तिच्याकडे वळवले. "मी फोन नाही केला सकाळी," त्या म्हणाल्या. "तू म्हणाली होतीस, यंत्राला कळतं."

भागूबाईने मान खाली घातली. दवाखान्याची माणसं येईपर्यंत तिने ती वर केली नाही.

घडलं होतं ते असं. तिच्या गल्लीत मोबाइलला रेंज नीट मिळायची नाही. रेडिओने आदल्या दिवशी तिच्या घरी सिलिंडर दिला, मोबाइल खुणेवर धरला, पण नोंद काही गेली नाही, ती अडकून बसली. गल्लीबाहेर रेंज आल्यावर गेली, तोवर मोबाइलवर पुढचं घर उघडलं होतं, म्हणजे शिंपीणबाईंचं. नोंद त्यांच्या नावावर पडली. त्यांचा ठिपका हिरवा झाला, यादीतून नाव गळलं, आणि मोबाइलने रेडिओला पुढचा रस्ता दाखवला. भागूबाईच्या घराचं नाव आपोआप दुसऱ्या दिवसाच्या यादीत सरकलं, म्हणून त्या संध्याकाळीही पडदा हिरवाच दिसला. रेडिओ गाणं म्हणत पुढे गेला होता. दुसऱ्या दिवशी हे समजलं तेव्हा तो गाडीच्या पायरीवर बसला आणि दिवसभर एक शब्द बोलला नाही.

वरच्या खोलीत पुन्हा बैठक झाली. शहरभर सुरू करायची तारीख ठरलेली होती, मोबाइल खोक्यांत येऊन पडले होते. कॉम्प्युटरवालीचे साहेब फोनवरून बोलत होते, आणि फोन टेबलाच्या मधोमध ठेवलेला होता. साहेबांना वाईट वाटलं होतं, पण त्यांचं म्हणणं होतं की चूक सापडली, दोन दिवसांत दुरुस्त होईल, आणि चुका सापडाव्यात म्हणूनच तर पायलट करायचा असतो. तारीख पुढे ढकलायचं कारण नाही.

मॅडमनी भागूबाईकडे पाहिलं. रात्रभर तिने ठरवून ठेवलं होतं की विचारलं तर काय बोलायचं. त्यातलं एक वाक्य आता आठवेना. आपल्यावरच सगळं येणार, विभाग आपण निवडला, बाईंना फोन नको असं आपण सांगितलं, आपली नोकरी जाणार, हे मात्र अगदी स्वच्छ दिसत होतं.

"ही चूक सापडली ती माझ्या घरात एक सिलिंडर जास्त आला म्हणून," ती म्हणाली. आवाज कापत होता आणि तिने तो तसाच कापू दिला. "दुसऱ्या कोणाच्या घरी आला असता तर त्यांनी देवाचे आभार मानून ठेवून घेतला असता. आपल्याला कधीच कळलं नसतं."

ती मॅडमकडे वळली.

"यंत्र बंद करा असं मी म्हणत नाही. जुन्यातही लोकांचे हाल व्हायचे, मी रोज ऐकलेत. पण घरातल्या माणसाने 'मिळाला' म्हटल्याशिवाय ठिपका हिरवा होता कामा नये. आणि ते जमेपर्यंत दुसऱ्या कुठल्याही विभागात हे सुरू करू नका. माझ्या विभागात चालू द्या. बिल्ले परत लावून."

कॉम्प्युटरवालीने नखं तोंडातून काढली. साहेब फोनवर ऐकत असताना ती म्हणाली की हे करता येईल, दोन दिवसांत मात्र नाही, आणि हे आधीच करायला हवं होतं. बोलल्यावर तिचा चेहरा पांढराफटक पडला. भागूबाईने टेबलाखाली तिच्या हातावर हात ठेवला. दोघींचे हात सारखेच गार होते.

मॅडमनी तारीख रद्द केली. कोणाचीही नोकरी गेली नाही. पण हे भागूबाईला त्या दिवशी माहीत नव्हतं, आणि पुढचे कित्येक दिवस मॅडमच्या खोलीतून हाक आली की तिची धडधड वाढायची.

दवाखान्यात शिंपीणबाईंना भेटायला जायची तिला सगळ्यात जास्त भीती वाटत होती. दोनदा ती फाटकातून परत फिरली. तिसऱ्यांदा आत गेली. बाई उशांना टेकून बसल्या होत्या, ओठांना रंग आला होता. भागूबाईने काय घडलं, काय बदलणार आहे, सगळं सांगितलं, आणि विचारलं की त्या पुढे पायलटमध्ये राहतील का.

"नाही," शिंपीणबाई म्हणाल्या. "यंत्र चुकलं त्याचा मला राग नाही. माझी मशीनही टाके सोडते. पण मी तुला विचारलं होतं, आणि तेव्हा तुझ्या तोंडावर भीती दिसत होती. तीच सांगितली असतीस तर मी जवळ फोन घेऊन बसले असते."

भागूबाईला रडू आलं. बाईंनी तिला रडू दिलं, समजूत घातली नाही. थोड्या वेळाने उशाखालचा रुमाल काढून दिला आणि खिडकी जरा लावून घ्यायला सांगितली.

त्या कायमच्या जुन्या, फोनच्या पद्धतीवरच राहिल्या. त्यांना फोन भागूबाईच करायची. कधी कधी पलीकडून "आहे अजून" एवढंच यायचं आणि फोन ठेवला जायचा. बाकीच्या शहरात नवी पद्धत पुढे बऱ्याच दिवसांनी सुरू झाली, विभागामागून विभाग, घरातल्या माणसाच्या 'मिळाला'सह. ती चांगली चालली. सासरे त्यानंतर एक हिवाळा काढून गेले, दुपारी, झोपेत, शेजारी भरलेला सिलिंडर असताना. हवा कमी पडून नव्हे, एवढं समाधान तिला पुरलं, की नाही पुरलं, ते तिने कधी बोलून दाखवलं नाही.

दुसऱ्या शहरातल्या शाखेत पायलट करायचा ठरला तेव्हा मॅडमनी तिलाच पाठवलं. या वेळीही ती नाही म्हणायला गेली होती आणि या वेळीही दाराशी नुसतीच उभी राहिली. शाखेतल्या लोकांशी बोलणं झाल्यावर तिने पहिल्याच दिवशी पत्ते मागून घेतले आणि एकेक घर गाठायला निघाली.

पहिल्या घरी एका तरुण माणसाने दार उघडलं. आत त्याची आई पडलेली दिसत होती, नळी लावलेली. भागूबाईने आपण कशासाठी आलो आहोत ते सांगितलं. तो दार अडवून उभा राहिला.

"यात काही धोका आहे का?" त्याने विचारलं.

तिला जिना उतरून पळून जावं असं वाटलं.

"आहे," ती म्हणाली.

तो बाजूला झाला आणि त्याने तिला खुर्ची दिली. ती खुर्चीच्या टोकावर बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून, आणि त्याच्या आईलाही ऐकू जाईल अशा बेताने तिने सांगायला सुरुवात केली.